कोरे पत्र आणि बोलणारे यंत्र : पुणतांब्याची चांगदेव-परंपरा व मराठी विज्ञानकथेतील कृत्रिम बुद्धीचा प्रश्न

प्रास्ताविक

कृत्रिम बुद्धी हा विषय मराठी वाचकाकडे विज्ञानकथेच्या वाटेने आला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. यंत्रमानव, संगणक आणि परग्रहावरील प्रगत बुद्धी यांच्या कथा मराठीत प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजल्या. मात्र या कथांच्या मुळाशी असलेले प्रश्न मराठी समाजाला त्याआधी अनेक शतके परिचित होते. अर्थ न जाणता केलेल्या उच्चाराला ज्ञान म्हणावे काय? अमर्याद सामर्थ्य आणि दीर्घ आयुष्य लाभूनही जगण्याचे प्रयोजन न सापडलेल्या बुद्धीला पूर्ण म्हणावे काय? हे दोन्ही प्रश्न तेराव्या शतकाशी जोडलेल्या संतकथांमधून विचारले गेले आहेत. त्यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे मूर्तिमंत रूप म्हणजे योगी चांगदेव. त्यांची समाधी अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील पुणतांबा येथे गोदावरीच्या काठी आहे.

चांगदेव-परंपरेतील प्रयोजनाचा प्रश्न आणि मराठी विज्ञानकथेतील कृत्रिम बुद्धीचा प्रश्न यांतील नाते तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. येथे एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. संतकथांमध्ये प्राचीन यंत्रविद्येचे पुरावे शोधण्याचा उद्योग अधूनमधून होत असतो. तो इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही आणि त्या कथांनाही न्याय देत नाही. भिंत चालली म्हणजे त्या काळी स्वयंचलित वाहन होते, असा अर्थ काढणाऱ्याला ना भिंत कळली, ना वाहन. या कथा घडलेल्या घटनांचा पुरावा म्हणून नव्हे, तर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या प्रश्नांचा पुरावा म्हणून येथे विचारात घेतल्या आहेत.

१. पुणतांबा : स्थळ आणि परंपरा

पुणतांबा हे राहाता तालुक्यातील गोदाकाठचे गाव. स्थानिक परंपरा गावाच्या नावाचा संबंध 'पुण्यस्तंभ' या शब्दाशी जोडते. दौंड-मनमाड लोहमार्गावरील हे जंक्शन असून शिर्डीकडे जाणारा रेल्वेफाटा येथूनच निघतो. नदीकाठचे घाट, देवळे आणि चांगदेवांचे समाधिमंदिर यांमुळे गावाला तीर्थक्षेत्राचे स्वरूप आले. गोदावरीच्या कालव्यांमुळे हा परिसर बागायती झाला आणि पुढे ऊस व साखर ही त्याची ओळख बनली. विसाव्या शतकात या भागात उभ्या राहिलेल्या खाजगी साखर कारखान्यालाही चांगदेवांचेच नाव देण्यात आले होते.

भूगोलाच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. ज्या पैठणला ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद बोलविल्याची कथा घडते, ते पैठण याच गोदावरीवर, पुणतांब्याच्या खालच्या अंगाला आहे. ज्या नेवाशात १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, ते नेवासे गोदावरीला मिळणाऱ्या प्रवरेच्या काठी आहे. संतचरित्रांतून या कथा घरोघरी पोहोचविणारे महिपती (१७१५–१७९०) हे राहुरी तालुक्यातील ताहराबादचे. त्यांचा 'भक्तविजय' हा ग्रंथ १७६२ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे ज्या कथांचा येथे विचार करावयाचा आहे, त्यांपैकी बऱ्याच कथांची भूमी आणि त्यांची ग्रंथरचना ही दोन्ही गोदावरी-प्रवरेच्या एकाच खोऱ्यातील आहेत.

चांगदेव या नावामागील ऐतिहासिक व्यक्तीविषयी मात्र सावधगिरी बाळगावी लागते. चांगा वटेश्वर या नावाने ओळखला जाणारा 'तत्त्वसार'कार, महानुभाव परंपरेतील चांगदेव राऊळ आणि ज्ञानदेवांना भेटलेले चांगदेव या भिन्न परंपरा आहेत. लोकस्मृतीत त्यांची काही प्रमाणात सरमिसळ झाली असावी. जळगाव जिल्ह्यात तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव हे गावही याच नावाशी निगडित आहे. प्रस्तुत लेखाचा विषय व्यक्तीचे चरित्र हा नसून परंपरेने घडविलेले 'चांगदेव' हे पात्र हा आहे.

२. रेडा, भिंत आणि कोरा कागद

परंपरेतील चांगदेव चौदाशे वर्षे जगतात. मृत्यूची वेळ आली की समाधी लावून ते काळाला परत पाठवितात. हिंस्र पशू त्यांच्या आज्ञेत असतात आणि शिष्यांचा मोठा समुदाय त्यांच्यामागे असतो. आजच्या भाषेत सांगावयाचे तर ज्ञानाचा साठा, आयुष्याची मुदत आणि निसर्गावरील हुकमत या तिन्ही बाबतींत मानवी मर्यादा ओलांडलेली ही बुद्धी आहे. तिच्यात नेमके काय उणे आहे, हे सांगण्यासाठीच पुढील कथा रचली गेली आहे.

ज्ञानदेवादी भावंडांची कीर्ती ऐकून चांगदेव त्यांना पत्र लिहावयास बसतात. परंतु मायन्यापाशीच ते अडतात. ज्ञानदेव वयाने लहान, म्हणून 'चिरंजीव' लिहावे, तर ते ज्ञानाने मोठे. 'तीर्थरूप' लिहावे, तर ते वयाने पोरसवदा. अखेर ते कोराच कागद पाठवितात. तो पाहून, इतकी शतके जगूनही हा कोराच राहिला, अशा आशयाचे उद्गार मुक्ताबाईंनी काढले, असे परंपरा सांगते. निवृत्तिनाथ मात्र ज्ञानदेवांना उत्तर लिहावयास सांगतात. ते पासष्ट ओव्यांचे उत्तर म्हणजे 'चांगदेव पासष्टी'. पाहणारा, पाहणे आणि पाहिले जाणे यांतील भेद मावळल्यावर कोणी कोणाला भेटावे, हा तिचा मुख्य विषय आहे. पत्राचा अर्थ न उमगल्याने चांगदेव वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन भेटीस निघतात. समोरून भावंडे बसलेली भिंतच चालत येते. सजीवावर सत्ता गाजविणाऱ्याला निर्जीवाची गती पाहावी लागते, आणि चांगदेव मुक्ताबाईंचे शिष्यत्व पत्करतात. चौदाशे वर्षांच्या योग्याची गुरू एक अल्पवयीन मुलगी होते.

या कथेशेजारी पैठणच्या रेड्याची कथा ठेवली पाहिजे. ती सहसा चमत्कार म्हणून सांगितली जाते, परंतु तिचा रोख सामाजिक आहे. संन्याशाची मुले म्हणून ज्यांना वेदाधिकार नाकारला गेला, त्यांनी रेड्याच्या मुखातून वेद वदविले. येथे रेडा पंडित झाला, असे कथेचे म्हणणे नाही. ज्यांचा अधिकार केवळ पाठांतरावर उभा होता, त्यांच्यासमोर कथेने एक अडचणीचा प्रश्न ठेवला आहे. उच्चार जर रेड्यालाही साधतो, तर उच्चारकर्त्याचे श्रेष्ठत्व नेमके कशात आहे?

या कथा एकत्र वाचल्या तर तीन भिन्न गोष्टी पुढे येतात. रेड्याच्या कथेत आशय न जाणता केलेला निर्दोष उच्चार आहे. भिंतीच्या कथेत स्वतःचा हेतू नसलेली गती आहे. कोऱ्या कागदाच्या कथेत ज्ञान व सामर्थ्य असूनही न आलेला शब्द आहे. पहिल्या दोन गोष्टी निर्बुद्धाकडूनही करवून घेता येतात, असे या कथा सांगतात. तिसरी मात्र चांगदेवांचीच आहे. मुक्ताबाईंनी कोरेपणाचा उपहास केला, तरी निवृत्तिनाथांनी तो कागद उत्तरास पात्र मानला, ही बाब अभ्यासकांच्या नजरेतून निसटता कामा नये. चांगदेवांना अडविणारी गोष्ट अज्ञान ही नव्हती. समोरच्याशी आपले नाते काय, या प्रश्नाने त्यांना अडविले होते. त्यांच्या चौदाशे वर्षांतील पहिला खरा शोध या अडण्यातून सुरू होतो.

३. वेठ आणि यंत्रमानव : युरोपीय पार्श्वभूमी

मराठी विज्ञानकथेकडे वळण्यापूर्वी तिला लाभलेल्या पाश्चात्त्य वारशाचा विचार करणे क्रमप्राप्त आहे. मेरी शेली यांची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी १८१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील कृत्रिम जीव आपल्या निर्मात्याकडे मुख्यतः नात्याची मागणी करतो आणि ती नाकारली गेल्यावर तो विध्वंसक होतो. चेक लेखक कारेल चापेक यांचे 'आर. यू. आर.' हे नाटक १९२० मध्ये लिहिले गेले आणि १९२१ मध्ये प्रागला रंगभूमीवर आले. 'रोबो' हा शब्द याच नाटकाने जगाला दिला. तो कारेल यांचे बंधू योसेफ यांनी सुचविला होता. 'रोबोटा' या मूळ शब्दाचा अर्थ जमीनदाराकडे सक्तीने करावयाचे काम असा आहे. मराठीत त्याला 'वेठ' हा नेमका शब्द उपलब्ध आहे. म्हणजे यंत्रमानव ही कल्पना जन्मतःच वेठबिगारीच्या स्मृतीशी बांधलेली आहे.

चापेक यांच्या नाटकाची चर्चा बहुधा यंत्रांच्या बंडापुरती होते. त्यात त्याहून गंभीर असा एक धागा आहे. सर्व श्रम यंत्रमानवांवर सोपविल्यानंतर मनुष्यजातीत मुले जन्माला येणे थांबते. काम उरले नाही, तसे प्रयोजनही उरले नाही. बंडानंतर यंत्रमानव एकाच माणसाला जिवंत ठेवतात. तो बांधकाम करणारा असतो आणि आपल्यासारखा हातांनी काम करतो, एवढ्याच कारणास्तव ते त्याला वाचवितात. परंतु स्वतःची प्रजा निर्माण करण्याचे सूत्र नष्ट झाल्याने यंत्रमानवांसमोरही तोच प्रश्न उभा राहतो. कशासाठी जगावयाचे, हे माणसालाही सांगता येत नाही आणि यंत्रालाही सांगता येत नाही, अशा टोकावर नाटक येऊन ठेपते.

यानंतर आयझॅक आसिमोव्ह यांनी १९४२ मधील कथेत यंत्रमानवाच्या आचरणाचे तीन नियम मांडले. अॅलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये 'माइंड' या नियतकालिकातील निबंधात यंत्राच्या विचारक्षमतेचा प्रश्न संवादाच्या कसोटीवर आणला. लेखी प्रश्नोत्तरांतून पलीकडे माणूस आहे की यंत्र हे ओळखता येत नसेल, तर विचारक्षमतेविषयीचा वाद निरर्थक ठरतो, असा त्यांचा एकूण रोख होता. या कसोटीवर पुढे आक्षेप घेतले गेले. त्यांपैकी जॉन सर्ल यांनी १९८० मध्ये मांडलेला 'चिनी खोली'चा युक्तिवाद विशेष गाजला. नियमपुस्तिकेच्या आधारे चिनी चिन्हांची अचूक जुळवाजुळव करणाऱ्या माणसाला चिनी भाषा कळते, असे म्हणता येणार नाही, हा त्याचा गाभा होय. पैठणची कथा ठाऊक असलेल्या वाचकाला हा युक्तिवाद सर्वस्वी अपरिचित वाटणार नाही.

४. मराठी विज्ञानकथा : देणगी आणि तिची किंमत

मराठीतील विज्ञानकथेचा आरंभ विसाव्या शतकाच्या सुरुवातीस झालेल्या भाषांतर-रूपांतरांपासून मानला जातो. जूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे मराठी रूप 'केरळ कोकिळ' मासिकातून वाचकांपुढे आले. पुढे भा. रा. भागवत यांनी व्हर्नला मराठी मुलांच्या वाचनात आणून बसविले. परंतु या साहित्यप्रकाराला संस्थात्मक आधार मिळाला तो १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेमुळे. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये 'कृष्णविवर' या कथेला पारितोषिक मिळाले. 'नारायण विनायक जगताप' हे टोपणनाव घेऊन ती लिहिणारे लेखक म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५). बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे आदींनी पुढील काळात या प्रवाहाला व्यापकता दिली. नारळीकर यांची २०२१ मध्ये नाशिक येथे भरलेल्या चौऱ्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी झालेली निवड हे या प्रकाराला मिळालेल्या मान्यतेचे चिन्ह होय.

या लेखनातील शीर्षकेच पाहिली तरी एक गोष्ट ध्यानात येते. 'यक्षांची देणगी' (१९७९), 'प्रेषित', 'वामन परत न आला' ही नारळीकरांची शीर्षके आहेत. गोगटे यांच्या 'यंत्रायणी' या शीर्षकात यंत्राला रामायणासारखे 'अयन' जोडलेले दिसते. परकीय साहित्यप्रकार स्वीकारताना मराठी लेखकांनी त्याला नाव देण्यासाठी पुराणांची भाषा निवडली. वाचकाची सोय एवढाच या निवडीचा अर्थ नव्हता. पुराणकथेतील देणगी, वर आणि शाप यांचे गणितही तिच्याबरोबर आपोआप कथेत येत होते.

या दृष्टीने 'वामन परत न आला' ही कादंबरी महत्त्वाची ठरते. जमिनीखाली खोदकाम चालू असताना एका प्राचीन आणि अतिप्रगत संस्कृतीने मागे ठेवलेली ठेव सापडते. तिच्यातील माहितीच्या आधारे शास्त्रज्ञ वामन नावाचा अत्यंत बुद्धिमान यंत्रमानव घडवितात. स्वतःसारखी यंत्रे स्वतः निर्माण करण्याची क्षमता त्याला मिळाली तर माणसाच्या हाती काहीच उरणार नाही, हा धोका कथानकाच्या ओघात उघड होतो. ती प्राचीन संस्कृती का लयास गेली, याचे उत्तरही त्याच धोक्यात दडलेले आहे. पुराणातील बटू वामन बळीकडे तीन पावले भूमी मागतो आणि तिसऱ्या पावलाला जागा उरत नाही. मागणी लहान आणि व्याप्ती अमर्याद, हे सूत्र कादंबरीने यंत्राच्या प्रजननक्षमतेला लावले आहे. चापेक यांच्या नाटकातही याच सूत्राभोवती कथानक फिरते. मात्र तेथे प्रजननाचे सूत्र हरवल्याने संकट येते, तर येथे ते सापडल्याने संकट येते.

चांगदेव-परंपरेच्या संदर्भात कादंबरीचा आणखी एक पैलू नोंदवावा लागेल. वामनची बुद्धी माणसाहून कमी नाही. त्याचा धोका त्याच्या अज्ञानातून उद्भवत नाही. विस्तार करणे हेच त्याचे प्रयोजन होऊन बसते आणि 'विस्तार कशासाठी' हा प्रश्न त्या प्रयोजनाला विचारता येत नाही. चांगदेवांपाशीही मृत्यूला परतवून आयुष्य वाढविण्याचे सामर्थ्य होते. वाढलेल्या आयुष्याचे काय करावयाचे, हे त्यांना ठाऊक नव्हते. फरक असा की चांगदेव मायन्यापाशी थबकले. वामनसारख्या बुद्धीला थबकविणारा मायना कोणता, या प्रश्नाचे उत्तर कादंबरी देत नाही. तेथे यंत्राला माणसाने थांबवावे लागते.

५. काम, प्रयोजन आणि पुणतांब्याचा ठराव

विज्ञानकथेतील हा प्रश्न महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा भारतीय बनावटीचा संगणक १९६० मध्ये पूर्ण झाला. त्याच दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक आणण्यास कर्मचारी संघटनांनी तीव्र विरोध केला. स्वयंचलनाच्या प्रश्नावर केंद्र शासनाने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला. म्हणजे मराठी विज्ञानकथा बहरास येत असतानाच कचेऱ्यांमध्ये आणि कारखान्यांमध्ये यंत्र व रोजगार हा वाद प्रत्यक्ष चालू होता. वाद पोटाचा होता, तसाच काही अंशी प्रतिष्ठेचाही होता. ज्या कामावर माणसाची ओळख उभी आहे ते काम यंत्राकडे गेले तर माणसाने स्वतःला काय म्हणवून घ्यावे, हा प्रश्न त्याच्या तळाशी होता.

याच प्रश्नाचे एक अनपेक्षित रूप पुणतांब्यातच पाहावयास मिळाले. एप्रिल २०१७ मध्ये गावच्या ग्रामसभेने संपावर जाण्याचा ठराव केला आणि १ जून २०१७ पासून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. शहरांकडे जाणारे दूध आणि भाजीपाला रोखण्यात आला. कर्जमाफी व शेतमालाला रास्त भाव या प्रमुख मागण्या होत्या. नेतृत्वात मतभेद झाले, तरी आंदोलन राज्यभर पसरले आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने सुमारे ३४ हजार कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. जून २०२२ मध्ये पुणतांब्यात पुन्हा धरणे आंदोलन झाले.

संप हे कामगाराचे हत्यार मानले जाते. शेतकरी कोणाचा नोकर नसल्याने त्याने संप कोणाविरुद्ध करावयाचा, असा आक्षेप त्या वेळी घेतला गेला. या आक्षेपातच संपाचा आशय दडला होता. ज्याने अखंड पिकवीत राहावे असे सर्वांनी गृहीत धरले होते, त्याने 'कोणासाठी आणि कोणत्या भावाने' असे विचारले. या संपाची कारणे आर्थिक होती आणि त्यांना तत्त्वज्ञानाचा मुलामा देण्याची गरज नाही. तथापि वेठ आणि काम यांतील सीमारेषा कोठे असते, हे या घटनेवरून स्पष्ट दिसते. ज्याला थांबता येत नाही तो वेठीला असतो. ज्याला थांबून प्रयोजन विचारता येते, त्याच्याच श्रमाला काम म्हणता येते. चांगदेवांचा कोरा कागद आणि ग्रामसभेचा ठराव या सर्वस्वी भिन्न काळांतील आणि भिन्न स्वरूपाच्या गोष्टी आहेत. तरीही दोन्हींत एका अपेक्षित कृतीला दिलेला विराम आहे आणि तो विराम समोरच्याशी असलेल्या नात्याविषयीचा प्रश्न उपस्थित करतो.

६. उत्तर देणारे यंत्र

नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' सर्वांसाठी खुले झाल्यानंतर विज्ञानकथेतील कल्पना महाविद्यालयांच्या वर्गखोल्यांत येऊन पोहोचली. प्रकल्प-अहवाल, निबंध, पत्रे, कविता यांपैकी काहीही यंत्राकडून लिहून घेणे शक्य झाले. अशा यंत्रांची रचना प्रचंड लिखित सामग्रीवरून पुढील शब्द कोणता असावा याचा अंदाज बांधण्यावर आधारलेली आहे. त्यांना अर्थ कळतो की नाही, याविषयी तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत आणि तो वाद येथे सोडविण्याचे कारण नाही.

चांगदेव-परंपरा मात्र या वादाला एक निराळी कसोटी पुरविते. ट्युरिंग यांची कसोटी उत्तरावर आधारलेली आहे. परंपरेची कसोटी उत्तर देण्यापूर्वीच्या थबकण्यावर आधारलेली आहे. यंत्राला 'चिरंजीव' लिहावयास सांगितले तर ते 'चिरंजीव' लिहिते आणि 'तीर्थरूप' सांगितले तर 'तीर्थरूप' लिहिते. मायना काही न सांगितल्यास त्यांतील एक निवडून ते पुढे जाते. आपण कोणाला लिहीत आहोत आणि त्याच्याशी आपले नाते काय, हे न उलगडल्यामुळे कागद कोरा ठेवण्याची पाळी त्याच्यावर येत नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल की आजची यंत्रेही काही प्रश्नांची उत्तरे नाकारतात, प्रतिप्रश्न करतात आणि अनिश्चितता व्यक्त करतात. हा आक्षेप रास्त आहे आणि उद्याची यंत्रे याबाबतीत कोठवर जातील हे इतिहासाच्या अभ्यासकाने सांगू नये. परंतु आज तरी यंत्राचे हे वर्तन त्याच्या निर्मात्यांनी दिलेल्या प्रशिक्षणातून आणि घातलेल्या मर्यादांतून घडते. थांबण्यामुळे त्याचे काही पणाला लागत नाही. चांगदेवांच्या कोऱ्या कागदामुळे त्यांची चौदाशे वर्षांची प्रतिष्ठा पणाला लागली. पुणतांब्याच्या शेतकऱ्याने दूध रोखले, तेव्हा त्याच्या घरचा त्या दिवसाचा पैसा पणाला लागला. प्रयोजनाचा शोध ज्याला महागात पडू शकतो, त्याच्याच बाबतीत 'शोध' हा शब्द सार्थ होतो.

रेड्याच्या कथेचा रोखही येथे पुन्हा आठवावा लागतो. यंत्राने लिहिलेला निबंध पाहून अध्यापकवर्गात जी अस्वस्थता निर्माण झाली आहे, ती केवळ विद्यार्थ्यांच्या फसवणुकीबद्दलची नाही. वर्षानुवर्षे परीक्षांमध्ये जे तपासले गेले ते जर यंत्रालाही साधत असेल, तर आपण नेमके काय शिकवीत आणि काय तपासत होतो, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे. पैठणच्या विद्वत्सभेसमोर कथेने असाच प्रश्न ठेवला होता. रेड्यावर बंदी घालून तो सुटण्यासारखा नव्हता.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला निष्कर्ष असा की, मराठी विज्ञानकथेतील कृत्रिम बुद्धीचा प्रश्न पाश्चात्त्य साहित्यातून आला असला, तरी तो रुजण्यासाठी येथील कथापरंपरेत अनुकूल भूमी होती. तिने यंत्रे पुरविली नाहीत, प्रश्न पुरविले. दुसरा निष्कर्ष असा की, पाश्चात्त्य कथांत कृत्रिम बुद्धी मुख्यतः वेठीला धरलेल्या बंडखोराच्या रूपात दिसते, तर चांगदेव-परंपरेत बुद्धीची परीक्षा तिच्या सामर्थ्यावर किंवा आज्ञापालनावर होत नाही. समोरच्याला ओळखण्याच्या आणि ओळख न पटल्यास थांबण्याच्या क्षमतेवर ती होते. नारळीकरांच्या वामनपाशी नेमके हेच नव्हते. तिसरा निष्कर्ष असा की, प्रयोजनाचा प्रश्न श्रमाच्या प्रश्नापासून तोडता येत नाही आणि २०१७ च्या पुणतांब्याने हे कोणत्याही कथेशिवाय दाखवून दिले.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक सूचना निघते. विद्यार्थ्याने सादर केलेला मजकूर यंत्राचा आहे की त्याचा, हे शोधण्यात अध्यापकाची बरीच शक्ती खर्च होत आहे. त्याऐवजी त्याला लेखनापूर्वीचा टप्पा विचारणे अधिक फलदायी ठरावे. हे कोणासाठी लिहीत आहेस, तुला यातील काय ठाऊक नाही आणि कोणत्या ठिकाणी तुझी लेखणी अडली, हे ते प्रश्न होत. अडल्याचा प्रामाणिक हिशेब देणारा विद्यार्थी थोडे लिहील, कदाचित सदोषही लिहील. त्याचा कागद काही काळ कोरा राहील. निवृत्तिनाथांप्रमाणे त्या कोऱ्या कागदाला उत्तर देणे हेच अध्यापकाचे काम आहे, आणि ते यंत्राकडे सोपविता येणार नाही.